शिडाच्या बोटीवर कंपोस्टिंग टॉयलेट कसं बसवतात? फ्लश नाही, पाणी नाही, मग चालतं कसं?

बोटीवर राहणाऱ्या लोकांचे यूट्यूब व्हिडिओ तुम्ही बघत असाल तर एक व्हिडिओ हमखास सापडतो: 'आम्ही आमचं जुनं टॉयलेट उपटून फेकलं'. खाली कॉमेंटमध्ये अर्धे लोक कौतुक करतात आणि अर्धे 'वास येत नाही का?' विचारतात. मी सिएटलला नोकरी करतो. माझ्या टीममधला एकजण घरभाडं परवडत नाही म्हणून ३० फुटी जुन्या शिडाच्या बोटीवर राहतो. त्याच्या बोटीवर हे काम झालं तेव्हा मी दोन वीकेंड हाताखाली होतो, त्यामुळे वास येतो का, या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः घेतलंय. ते पुढे येईलच.

आधी सगळं नीट समजून घेऊ. कारण हे काम चुकलं तर फक्त घाण होत नाही, बोट बुडू शकते.

बोटीवरचं नेहमीचं टॉयलेट कसं चालतं?

शिडाच्या बोटीवर टॉयलेटला 'हेड' म्हणतात. घरासारखी वर पाण्याची टाकी नसते. बोटीच्या तळाला एक भोक असतं, त्यातून समुद्राचं पाणी पाऊण इंची पाइपने आत येतं. तुम्ही हातपंप मारता, भांडं धुतलं जातं आणि सगळा ऐवज दीड इंची पाइपने पुढे जातो. पुढे एक दोन वाटांचा व्हॉल्व्ह असतो. एक वाट थेट समुद्रात, दुसरी बोटीतल्या होल्डिंग टँकमध्ये. टँक भरली की मरिनात जाऊन पंप-आउटच्या यंत्राने ती उपसून घ्यायची.

म्हणजे एका टॉयलेटसाठी तळाला दोन भोकं, त्यांना दोन सीकॉक (बोटीच्या तळाला असणारे मोठे नळ समजा), चारपाच मीटर पाइप, डझनभर क्लिपा, पंपातले रबरी पडदे आणि एक टँक. यातलं काहीही बिघडू शकतं आणि बिघडतंच. समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की पाइपात आतून चुन्यासारखा पांढरा थर साचतो. आम्ही जुना पाइप कापला तेव्हा दीड इंची पाइपात जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरली होती. वासाचं म्हणाल तर तो जुन्या पाइपांच्या भिंतीतून बाहेर झिरपतो. पाइप बाहेरून पुसून काही होत नाही.

कंपोस्टिंग टॉयलेटमध्ये वेगळं काय?

सगळी गंमत एकाच गोष्टीत आहे: लघवी आणि मैला वेगळे ठेवायचे. बसायच्या भांड्यात पुढच्या बाजूला उतार आणि दोन छोटी भोकं असतात, तिथून लघवी पुढच्या बाटलीत जाते. मागे एक झडप असते, ती उघडली की मैला खालच्या डब्यात पडतो. डब्यात ओलसर कोकोपीट भरलेलं असतं. बाहेर एक हँडल असतं, ते फिरवलं की आतला दांडा सगळं ढवळतो. डब्यातली हवा एक छोटा पंखा सतत बाहेर ओढतो. बस, एवढंच यंत्र.

वेगळं का ठेवायचं? लघवीत युरिया असतो. मैल्यातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. सार्वजनिक मुतारीत नाकात झिणझिण्या आणतो तोच हा अमोनिया. शिवाय दोन्ही एकत्र झाले की सगळं चिखल होतं, आत हवा जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. मैला कोरडा राहिला आणि त्यात हवा खेळती राहिली तर हवेवर जगणारे जिवाणू काम करतात आणि वास मातीसारखा, पावसाळ्यातल्या बागेसारखा येतो. मी झाकण उघडून वास घेतलाय. खरंच तसाच येतो. अर्थात सगळं नीट चालू असेल तेव्हा.

आपल्या रेल्वेतलं बायो-टॉयलेट म्हणजे हेच का, असं घरी भावाने विचारलं होतं. नाही. डब्याखालच्या टाकीत डीआरडीओने विकसित केलेले जिवाणू असतात आणि ते हवेशिवाय काम करतात. त्याला पाणीही लागतं. बोटीवरच्या टॉयलेटच्या जवळची गोष्ट म्हणजे लडाखमधले पारंपरिक संडास. वरच्या मजल्यावर बसायचं, वरून माती लोटायची, खाली खत होतं. आणि आपल्याकडे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून सोनखत करणाऱ्या संडासाचा प्रचार केला होताच. 'सोनखत' हा शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहे, हे मी त्या अमेरिकन मित्राला सांगितलं तर तो खूश झाला.

आता एक प्रामाणिक गोष्ट. 'कंपोस्टिंग' हे नाव थोडं फसवं आहे. तीन-चार आठवड्यांत खत तयार होत नाही. त्या छोट्या डब्यात पुरेशी उष्णताही तयार होत नाही. आत जे होतं ते वाळणं आणि कुजायला सुरुवात होणं. जंतांची अंडी त्यात जिवंत राहू शकतात. त्यामुळे बाहेर काढलेला माल भाजीच्या कुंडीत टाकायचा नाही, कधीच नाही.

विकत घेण्याआधी मोजमाप

बाजारात नेचर्स हेड, एअर हेड, सी-हेड अशी तयार मॉडेल्स आहेत. किंमत हजार डॉलरच्या पुढे धरा. काही लोक फक्त लघवी वेगळी करणारं भांडं विकत घेतात आणि खाली बादली ठेवून प्लायवूडची पेटी स्वतः बनवतात. ते बरंच स्वस्त पडतं, पण ढवळायचा दांडा नसतो.

तयार युनिट साधारण ५० ते ५५ सेंटीमीटर उंच आणि जवळपास तेवढंच रुंद असतं. जुन्या टॉयलेटपेक्षा उंच. पण फक्त टॉयलेट बसलं म्हणजे झालं असं नाही. बाटली काढायला पुढे जागा हवी. वरचा भाग उघडायला मागे किंवा वर जागा हवी. हँडल फिरवताना हात भिंतीवर आपटायला नको. आणि बसल्यावर डोकं छताला लागायला नको! बोटीची भिंत सरळ नसते, ती वर जाताना बाहेर झुकते, त्यामुळे खाली मापलेलं वर उपयोगी पडत नाही. पुठ्ठ्याचा खोका त्याच मापाचा कापून ठेवा, त्यावर बसून बघा. आम्ही बसून बघितलं तेव्हा कळलं की खाली दीड इंचाचा प्लायवूडचा ओटा केला तरच दांडा फिरतो.

जुनं काढताना: इथे घाई नको

हा भाग व्हिडिओमध्ये वीस सेकंदांत, गाणं लावून दाखवतात. प्रत्यक्षात याच भागाला सगळ्यात जास्त लक्ष लागतं.

क्रम असा. आधी होल्डिंग टँक पंप-आउटला नेऊन रिकामी करा, साधं पाणी भरून पुन्हा उपसा, असं दोनतीन वेळा. मग दोन्ही सीकॉक बंद करा. बंद केल्यावर ते खरंच बंद झालेत का हे तपासा, कारण जुने नळ हँडल फिरलं तरी आतून गळत राहू शकतात. तपासायची सोपी रीत: पाइपाची क्लिप सैल करा, पाइप थोडासाच मागे ओढा, हातात लाकडी बूच तयार ठेवा. पाणी थेंबथेंब येऊन थांबलं तर ठीक. येतच राहिलं तर पाइप परत ढकला, क्लिप आवळा आणि काम तिथेच थांबवा.

बूच कशाला? हिशोब करून बघू. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर आहे असं धरा. त्यातून मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येईल, म्हणजे तासाला ८,४०० लिटर. छोट्या बोटीवरचा बिल्ज पंप कागदावर तासाला २,००० लिटरच्या आसपास उपसतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. पंप चालू आहे म्हणून निवांत राहता येत नाही. म्हणून प्रत्येक सीकॉकला मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवायची पद्धत आहे. बोटीवर कधी पाहुणे म्हणून गेलात तर खाली वाकून बघा, मालक शहाणा आहे की नाही ते तिथे समजतं.

बाकी पाइप काढणं म्हणजे मनस्ताप. कडक झालेला पाइप ओढून निघत नाही. गरम पाण्याचा कपडा गुंडाळा, नाहीतर लांबीच्या दिशेने सुरीने चीर द्या. हातमोजे दोन जोड, डोळ्यांना चष्मा, आणि खाली जुने टॉवेल. पाइपाच्या पोटात नेहमी थोडं काहीतरी शिल्लक असतंच. आमच्याही होतं. जास्त लिहीत नाही.

भोकांचं काय करायचं?

सीकॉक बंद करून वर टोपी बसवायची, हा तात्पुरता उपाय. बोट पाण्यातच राहते, खर्च शून्य. पण तो नळ अजून तुमच्याकडे आहे, त्याची देखभाल चालूच राहते.

कायमचा उपाय म्हणजे पुढच्या वेळी बोट रंगासाठी क्रेनने वर काढली की नळ काढून भोक फायबरग्लासने बुजवणं. इथे नुसतं अरल्डाइट किंवा एमसील थापून चालत नाही, कारण तो गोळा एक दिवस बुचासारखा आत ढकलला जाईल. भोकाच्या कडा तिरक्या घासायच्या, प्रमाण १ ला १२. म्हणजे तळाची जाडी १० मिलिमीटर असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी १२० मिलिमीटरपर्यंत उतार. ३८ मिलिमीटरच्या भोकासाठी २८ सेंटीमीटर व्यासाची, जेवणाच्या ताटाएवढी खळगी होते. त्यात फायबरग्लास कापडाचे गोल तुकडे इपॉक्सीत भिजवून एकावर एक बसवतात. एवढ्या मोठ्या जागेवर चिकटलं म्हणून ते तळाचाच भाग होतं. मित्राने हे काम बोटयार्डच्या कारागिराला दिलं. ते योग्यच केलं, असं मला वाटतं. पहिलाच प्रयोग बोटीच्या तळावर कशाला करायचा?

दुसरं भोक त्याने ठेवलं. बेसिनचं पाणी आता तिथून बाहेर जातं.

टॉयलेट जमिनीला पक्कं करणं

बोट वाऱ्यावर चालताना १५-२० अंश कलते आणि लाटांवर आपटते. भरलेलं टॉयलेट आणि वर बसलेला माणूस मिळून शंभर किलोच्या आसपास वजन होतं. म्हणून दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या एल आकाराच्या पट्ट्या जमिनीला बोल्टने आवळतात. नुसते स्क्रू पुरत नाहीत. बोल्ट, खाली मोठा वॉशर, आणि भोकात सीलंट. टॉयलेट त्या पट्ट्यांना हाताने फिरवायच्या नॉबने जोडायचं, म्हणजे डबा रिकामा करताना पाना शोधत बसावं लागत नाही.

दिशेचाही विचार करा. बसणाऱ्याचं तोंड बोटीच्या पुढे किंवा मागे असेल तर बोट कलल्यावर लघवी बाजूला सरकते, पण बहुतेक वेळा बाटलीतच जाते. तोंड डाव्या-उजव्या भिंतीकडे असेल तर एका बाजूच्या कलण्यात ती मागे वाहून कोरड्या डब्यात जाऊ शकते. छोट्या बोटीत निवडीला वाव कमी असतो, पण हे माहीत असलेलं बरं.

व्हेंट आणि पंखा

टॉयलेटपासून डेकपर्यंत एक मऊ पाइप नेतात, वर कुकुरमुत्त्याच्या आकाराची टोपी बसवतात म्हणजे पाऊस आणि लाटांचं पाणी आत येत नाही. पाइपाला मध्ये खोलगट वळण नको, नाहीतर तिथे बाफेचं पाणी साचून हवेची वाट बंद होते.

डेकला भोक पाडायचं म्हणजे पुन्हा एक सापळा. बऱ्याच बोटींचं डेक सँडविचसारखं असतं, वर-खाली फायबरग्लास आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड. त्या लाकडाला पाणी लागलं की ते आतल्या आत कुजतं आणि डेक पायाखाली मऊ लागायला लागतं. म्हणून कडेचं लाकूड अर्धा-पाऊण इंच आत कोरून काढायचं, तिथे घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरायचं, ते वाळलं की मगच व्हेंट बसवायचं आणि खाली ब्यूटिल टेप लावायची. यात एक अख्खा दिवस वाळण्यात जातो. जुना व्हेंट आधीच असेल तर तोच वापरा, नवीन भोक पाडू नका.

पंखा म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतो तसाच १२ व्होल्टचा. तो दिवसरात्र चालतो. ०.१ अँपिअर धरला तर २४ तासांत २.४ अँपिअर-तास, म्हणजे साधारण २९ वॉट-तास. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी १९ वॉट-तासांची असते. थोडक्यात, पंख्याचा दिवसभराचा खर्च म्हणजे फोन दीड वेळा चार्ज करणं. वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकायचाच. बोटीवर आग लागली तर पळायला जागा नसते.

आणि आता आमचा पराक्रम. पंख्याच्या कडेवर हवा कुठल्या दिशेने जाते त्याचा बाण असतो. आम्ही दोघं इंजिनिअर. दोघांनीही तो बघितला नाही. पंखा उलटा बसला, म्हणजे बाहेरची हवा डब्यात आणि डब्यातली केबिनमध्ये. पहिले दोन दिवस मित्र म्हणत होता की सगळे यूट्यूबवाले खोटारडे आहेत. तिसऱ्या दिवशी त्याने झाकणाच्या फटीजवळ उदबत्ती धरली (ती मीच दिली होती) तर धूर आत जाण्याऐवजी बाहेर येत होता. पंखा पलटवला, वास गेला. तुम्ही ही उदबत्तीची टेस्ट पहिल्याच दिवशी करा.

व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी लावा. चिलटं एकदा आत शिरली की महिनाभर पाठ सोडत नाहीत.

कोकोपीट भरताना

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. आपल्याकडे नर्सरीत मिळते तीच वीट. कोकणातल्या माणसाला गंमत वाटेल की सिएटलच्या दुकानात ती चांगल्या भावाने विकली जाते.

वीट पाण्यात फुगवायची, पण जपून. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हायला हवा आणि पाणी टपकायला नको. शेतीतला शब्द वापरायचा तर वाफसा आलेल्या मातीसारखं. उकळतं पाणी वापरलं तर त्यात आधीच असलेली चिलटांची अंडीही मरतात. ढवळायचा दांडा जेमतेम झाकला जाईल इतकंच भरा. जास्त भरलं तर दांडा फिरत नाही आणि जागाही वाया जाते.

रोज वापरताना

पुरुषांनीही बसूनच. यावर चर्चा नाही. उभं राहून नेम चुकतो आणि लघवी कोरड्या डब्यात जाते.

वापर झाला की झडप बंद करून हँडल दोन-तीन वेळा फिरवायचं. भांडं पुसायला व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याची स्प्रे बाटली पुरते. टॉयलेट पेपर डब्यात चालतो, पण कुजायला वेळ लागतो आणि दांड्याला गुंडाळला जातो, त्यामुळे वेगळ्या पिशवीत टाकणं बरं. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड अजिबात नाही. आपल्यासारख्या पाण्याची सवय असलेल्यांनी काय करायचं? धुतलेलं पाणी डब्यात गेलं तर सगळं कोरडेपण संपलं. मी तिथे असताना पेपर वापरून मग बेसिनजवळ हँड शॉवरने काम भागवलं. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

एक माणूस दिवसाला साधारण दीड लिटर लघवी करतो. बाटली आठेक लिटरची. दोघं पूर्ण वेळ बोटीवर असतील तर अडीच दिवसांत ती भरते. बाटली अर्धपारदर्शक असेल तर बघत राहा, ओसंडली तर डब्याखाली तळं होतं. रिकाम्या बाटलीत थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड टाकलं तर आम्लामुळे अमोनिया हवेत कमी उडतो. दुसरी रिकामी बाटली झाकणासकट जवळ ठेवा.

घन डब्याबद्दल कंपन्या ६० ते ८० वापर सांगतात. म्हणजे दोघांना तीन-चार आठवडे. हँडल जड लागायला लागलं की वेळ झाली समजा. आणि रिकामं करायच्या आधी एक रात्र वापर बंद ठेवला तर वरचा ताजा भागही मिसळून जातो.

कुठे टाकायचं? कायदा काय म्हणतो?

इथे बरेच व्हिडिओ गप्प बसतात.

अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या आत, प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे. सिएटलचा सगळा प्युजेट साउंड २०१८ पासून 'नो डिस्चार्ज झोन' आहे, तिथे प्रक्रिया केलेलाही सोडता येत नाही. 'लघवी तर निर्जंतुक असते, ती ओतली तर काय झालं?' असं मरिनात खूप जण म्हणतात. कायद्याच्या व्याख्येत माणसाच्या शरीरातली घाण म्हणजे लघवीसुद्धा आली. आणि ती निर्जंतुक असते हाही समजच आहे. बाटली उचलून किनाऱ्यावरच्या टॉयलेटमध्ये ओतायची. आठ किलोची बाटली हातात घेऊन पावसात लांबलचक जेटी चालत जाणं हा या टॉयलेटचा खरा खर्च आहे, आणि तो दर दोन-तीन दिवसांनी द्यावा लागतो.

घन भाग जाड पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. कचऱ्यात टाकायला परवानगी आहे का हे त्या गावाच्या आणि मरिनाच्या नियमांवर ठरतं, त्यामुळे टॉयलेट विकत घेण्याआधी मरिनाच्या ऑफिसात विचारा. ब्रिटनमध्ये कालव्यांची व्यवस्था बघणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने २०२१ च्या अखेरीपासून अशा पिशव्या आपल्या कचराकुंड्यांत टाकायला मनाई केली. हजारभर पौंड खर्च करून बसलेल्या बोटवाल्यांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली. किनाऱ्यावर स्वतःची जमीन असेल तर वेगळ्या झाकलेल्या ढिगात किमान एक वर्ष कुजवून ते शोभेच्या झाडांना घालता येतं.

डबा रिकामा केल्यावर साबणाने घासून लख्ख करायची गरज नाही. तळाशी थोडं जुनं राहू द्या. दह्याला विरजण लागतं तसं ते पुढच्या खेपेला कामी येतं.

कोणासाठी नाही?

सहा-सात पाहुणे घेऊन वीकेंडला फिरणाऱ्या बोटीवर हे चालणार नाही. बाटली एका दिवसात भरेल आणि प्रत्येकाला वापर समजावून सांगावा लागेल. ज्यांच्या मरिनात पंप-आउट हाताशी आहे आणि पाइप नवे आहेत, त्यांनीही उगाच पैसे घालू नयेत. एकटे-दुकटे राहणारे, लांब नांगर टाकून थांबणारे आणि छोटी बोट असलेले यांना फायदा जास्त. मित्राच्या बोटीत ७० लिटरची टँक गेल्यावर पलंगाखाली जी जागा मोकळी झाली, तिथे त्याने आता दोन बॅटऱ्या आणि सायकलचा पंप ठेवलाय. व्हेंटची जाळी मात्र दर महिन्याला ब्रशने साफ करावी लागते, कारण तिच्यावर धूळ आणि मीठ बसून पंख्याची हवा कमी होते.